कै. दुर्गाबाई देशमुख : राष्ट्राच्या पायाभरणीतील एक कर्ती स्त्री

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे कै. चिंतामणराव देशमुख यांचे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या पत्नी म्हणून दुर्गाबाईंचे नावही पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु देशमुखांच्या घरी येण्यापूर्वीच या बाईंनी भारताची राज्यघटना घडविण्यात आपला वाटा उचललेला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते. घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. घटनेचा इतिहास सांगताना आपण थोर पुरुषांची नामावळी म्हणतो आणि या पंधरा जणींना विसरतो. त्यांच्यापैकी एकीचा जीवनवृत्तान्त आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्रातील राजमहेंद्री येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. जाणत्या वयात येताच हे बंधन आपणांस मान्य नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले आणि त्या विवाहातून त्या बाहेर पडल्या. इंग्रजी माध्यमाच्या सक्तीच्या निषेधार्थ त्यांनी लहानपणीच शाळा सोडली. पण शाळा सोडली म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. स्वतः हिंदी शिकून मुलींसाठी त्यांनी हिंदीची पाठशाळा काढली.

१९२१ साली महात्मा गांधी काकिनाड्यास येणार होते. दुर्गाबाई तेव्हा बारा वर्षांच्याही नव्हत्या. देवदासींना आणि बुरख्यातील मुसलमान स्त्रियांना गांधीजींचे दर्शन घडावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी पाच हजार रुपयांची थैली अर्पण करावी लागेल, असे कार्यकर्त्यांनी सांगितले. ती रक्कम त्या स्त्रियांकडूनच उभी राहिली, सभा भरली आणि गांधीजींच्या भाषणाचा तेलुगू अनुवाद या मुलीनेच केला. पुढे १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये त्या स्वयंसेविका होत्या. तेथील प्रदर्शनाच्या दारावर तिकीट नसलेल्या पंडित जवाहरलाल नेहरूंनाही त्यांनी अडविले, आणि तिकीट आणल्यावरच आत सोडले. नियम सर्वांस सारखा, हा त्यांचा बाणा तेव्हापासूनचा.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्या मद्रासकडे अग्रभागी होत्या. १९३० ते १९३३ या काळात त्यांना तीन वेळा तुरुंगवास घडला. मदुराईच्या तुरुंगातील एकान्तवासाने त्यांची प्रकृती ढासळली. परंतु या कारावासाने त्यांना एक मोठा धडा दिला. तुरुंगात त्यांना अनेक निरक्षर स्त्रिया भेटल्या. आपल्यावर कोणता आरोप आहे, तो कसा खोडून काढावा, हेही त्या बिचाऱ्यांना कळत नव्हते. देश स्वतंत्र झाला तरी अशा स्त्रीस त्याचा उपयोग काय, हा प्रश्न दुर्गाबाईंच्या मनात घर करून राहिला, आणि आपण कायदा शिकावयाचा असा त्यांनी निश्चय केला.

निश्चय केला खरा, पण मॅट्रिकही व्हावयाचे होते. बरोबरीच्या बायका संसारात स्थिरावल्या त्या वयात त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली आणि बनारस विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. आंध्र विद्यापीठात मुलींसाठी वसतिगृह नाही, अशी अडचण पुढे आली, तेव्हा त्यांनी शिकू इच्छिणाऱ्या मुली गोळा करून वसतिगृहाची सोय आपणच केली. राज्यशास्त्राची पदवी घेऊन पुढे मद्रासला त्या वकील झाल्या. दरम्यान १९३७ साली त्यांनी आंध्र महिला सभेचे बीज रोवले होते. शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रियांना परीक्षेस बसविणारे वर्ग हे त्या संस्थेचे एक मुख्य कार्य होय.

१९४६ साली मद्रास प्रांतातून त्यांची घटना समितीवर निवड झाली. तेथे त्या शोभेसाठी बसल्या नाहीत. समितीच्या अध्यक्षमंडळावर त्या एकट्याच स्त्री होत्या. राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी वयाची अट पस्तीस वर्षांची योजली होती. ती तीसवर आणावी, ही सूचना त्यांनी मांडली, आणि आज घटनेत तीस वर्षांचीच अट आहे. हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था कोणत्याही वर्गास खुल्या करण्याविषयीच्या कलमात त्यांनी दुरुस्ती सुचविली, की 'कोणत्याही' वर्गास न म्हणता 'सर्व' वर्गांस म्हणावे. शब्द एकच बदलला, पण त्यामुळे कोणास वगळावे हा प्रश्नच उरला नाही. हा शब्द आज घटनेत आहे. तो सुचविणाऱ्या बाईंचे नाव मात्र किती जणांस सांगता येईल?

१९५२ साली त्या नियोजन मंडळावर गेल्या. तेथील कामाच्या निमित्ताने चिंतामणरावांचा परिचय वाढला आणि २२ जानेवारी १९५३ रोजी उभयतांचा विवाह झाला. प्रांत निराळा, मातृभाषा निराळी. परंतु लोकसेवेचे व्रत एकच होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी थोड्या अवधीत परीक्षेची तयारी करून घेणारे अभ्यासक्रम या मंडळाने १९५८ साली सुरू केले. ज्या वाटेने स्वतः कष्टाने चालत आल्या, ती त्यांनी इतर स्त्रियांसाठी रुंद केली. स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीच्याही त्या अध्यक्षा होत्या; तिचा अहवाल १९५९ साली सादर झाला. कौटुंबिक तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, हा आग्रह त्यांनी १९५३ सालच्या चीनच्या दौऱ्यानंतर धरला. तसा कायदा १९८४ साली झाला. तो पाहावयास मात्र त्या नव्हत्या. १९७५ साली पति-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई निवर्तल्या.

राष्ट्राची स्थापना एका दिवसात किंवा एका सभागृहात होत नसते. घटनेने दिलेला हक्क घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचविणारी माणसेही राष्ट्राचे संस्थापकच होत. दुर्गाबाईंनी दोन्ही कामे केली. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एकदा आपल्या घरात पाहावे. लग्नामुळे, आजारपणामुळे वा पैशाच्या अडचणीमुळे शिक्षण तुटलेली एखादी मुलगी, सून वा बहीण असेल, तर तिचे वय झाले असे म्हणू नये. परीक्षेचा अर्ज तिच्या हाती द्यावा आणि घरकामातून तिला रोज दोन तास मोकळे करावे. दुर्गाबाईंचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत प्रस्तुत लेखकास तरी सुचत नाही.