डॉ. आंबेडकर यांचे आजारपण

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या विद्वत्तेकडे व कर्तृत्वाकडे आपले लक्ष सहज जाते. परंतु ते कर्तृत्व ज्या देहाकरवी घडले, त्या देहाची कथा बहुधा दोन ओळींत आटोपली जाते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्याचे अखेरचे दशक मात्र त्यांच्या पायांच्या वेदनेची हकीकत सांगितल्यावाचून पुरते समजत नाही.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. अस्पृश्यतेचे चटके सोशीत त्यांनी मुंबईस शिक्षण घेतले व पुढे बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क व लंडन येथील विद्यापीठांच्या उच्च पदव्या त्यांनी मिळविल्या. 1927 साली महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आपल्या नगर जिल्ह्यातही डिसेंबर 1939 मध्ये हरेगाव येथे महार वतनदारांच्या परिषदेस ते आले होते. वतनाच्या नावाखाली तुटपुंज्या मोबदल्यावर गावकी राबणाऱ्या लोकांचे गाऱ्हाणे त्यांनी तेथे मांडले.

अशा अविश्रांत श्रमांत प्रकृतीची हेळसांड झाली नसती तरच नवल. मधुमेह जडला, रक्तदाब व संधिवात यांचा त्रास सुरू झाला. 1947-48 च्या सुमारास पायांच्या दुखण्याने उग्र रूप धारण केले. डॉक्टर ज्यास न्यूरायटिस म्हणतात, तो मज्जातंतूंचा विकार होता. पाय ठणकू लागले म्हणजे रात्री डोळ्यास डोळा लागत नसे.

या जातीच्या दुखण्याचा एक विशेष आहे. मोडलेला हात सर्वांस दिसतो. मज्जातंतूंची वेदना कोणास दिसत नाही. ती आज उसळते, उद्या ओसरते. काल कण्हणारा मनुष्य आज चारचौघांसारखा बोलताना दिसला की, पाहणाऱ्यास त्याचे दुखणे खोटे वाटू लागते. आपल्या खेड्यांतूनही तळपायांची आग होते, मुंग्या येतात, बधिरता येते अशी तक्रार करणारी वडीलधारी माणसे आढळतात. कोणी त्यास वात म्हणतो, कोणी वयाचा दोष म्हणतो, आणि खरे कारण शोधण्यावाचून राहून जाते.

मधुमेह हे अशा विकाराचे एक मोठे कारण होय. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतूंचे पोषण बिघडते. पायांपर्यंत पोहोचणारे तंतू सर्वांत लांब असल्यामुळे बहुधा तेथेच प्रथम पीडा होते. इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे 1921 साली लागला होता व बाबासाहेबांस त्याची टोचणी घ्यावी लागे. तथापि साखर आटोक्यात आणणे निराळे आणि एकदा दुखावलेले तंतू पूर्ववत करणे निराळे. रोगाचे नाव कळले म्हणून रोग बरा होतोच असे नाही, हा कठोर अनुभव त्यांस घ्यावा लागला.

आणि हाच काळ राज्यघटनेच्या रचनेचा होता! 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. समितीचे इतर सभासद नाना कारणांनी पुरेसा वेळ देऊ शकले नाहीत. त्यामुळे मुख्य भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, अशी ग्वाही टी. टी. कृष्णम्माचारी यांनी पुढे घटनासमितीत दिली. फेब्रुवारी 1948 मध्ये मसुदा तयार झाला व 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना स्वीकृत झाली. समानतेची कलमे आपण आज वाचतो, तेव्हा त्यांमागील जागरणांपैकी काही अभ्यासाची होती व काही वेदनेची होती, हे ध्यानी ठेवावे.

त्यांनी आपले दुखणे लपविले नाही. ते मुंबईस डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात उपचार घेत. तेथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांस त्यांच्या व्याधींची पुरती माहिती होती. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत उभयतांचा विवाह झाला. पथ्य, औषध व टोचणी यांची व्यवस्था त्यांनी आपल्या हाती घेतली. दुसऱ्याचे साहाय्य घेण्यात बाबासाहेबांनी कमीपणा मानला नाही.

पुढे शक्ती ओसरत गेली. काठीचा व माणसांचा आधार घेऊन चालावे लागे, दृष्टीही मंदावली. तरीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास ते लाखोंच्या समुदायापुढे उभे राहिले व त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या परिषदेस गेले. 5 डिसेंबरच्या रात्री बुद्धचरित्रावरील आपल्या ग्रंथाची प्रस्तावना त्यांच्या हाती होती, आणि 6 डिसेंबर रोजी दिल्लीत निद्रेतच त्यांचे देहावसान झाले. तो ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रहो, दुखणे अंगावर काढावे असा या चरित्राचा बोध नव्हे. बाबासाहेब वैद्यांकडे गेले, त्यांनी उपचार घेतले, आधार घेतला. आणि वेदनेने जितकी सवड दिली तितकी कामी लावली. आपल्या घरी अथवा वर्गात कोणी आज बरा व उद्या आजारी दिसला, तर त्यास ढोंगी म्हणण्यापूर्वी राज्यघटना लिहिणाऱ्या त्या ठणकणाऱ्या पायांची आठवण करावी.