खाटेवरून मैदानात : डॉ. लुडविग गुटमन

पॅरालिंपिकचं नाव आपण ऐकतो, पण ते खेळ एका दवाखान्यात सुरू झाले हे आमच्या हॉस्टेलवर फारसं कुणाला ठाऊक नाही.

डॉ. गुटमन १८९९ साली जर्मनीत जन्मले. ज्यू असल्याने १९३९ मध्ये त्यांना इंग्लंडला जावं लागलं. १९४४ पासून स्टोक मँडेव्हिलच्या हॉस्पिटलात मणक्याला मार लागलेले सैनिक त्यांच्याकडे येऊ लागले. असा पेशंट पडून राहणार आणि जखमा चिघळून जाणार, असंच तेव्हा धरून चालत. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, मग हाती धनुष्यबाण दिलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, १६ जण व्हीलचेअरवरून तिरंदाजी खेळले. १९६० ला हे खेळ रोमला पोचले. १९७२ ला जर्मनीतच, हायडेलबर्गला, १९६५ च्या युद्धात जखमी झालेले आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. गुटमन १९८० साली गेले.

आमच्या लातूरकडे माझा एक मामा झाडावरून पडल्यापासून खाटेवरच आहे. दिवाळीत त्याला व्हीलचेअरवर अंगणात आणायचंय. उंबरा सहा इंच, म्हणजे उतार सहा फुटांचा हवा. सिव्हिलवाले, येता का मदतीला?