कर्ट कोबेन २७ व्या वर्षी गेला नसता, तर रॉक म्युझिकचं काय झालं असतं?

डोळ्यांच्या जागी फुल्या आणि जीभ बाहेर काढलेली पिवळी स्मायली. हा टीशर्ट तुम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर नाहीतर रस्त्यावरच्या स्टॉलवर पाहिलाच असेल. अनेकांना तो कपड्यांचा ब्रँड वाटतो. पण तो आहे निर्वाणा या अमेरिकन बँडचा लोगो. आणि बँडचा गायक होता कर्ट कोबेन.

१९६७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या अबर्डीन या लाकूडतोडीच्या गावात त्याचा जन्म झाला. तो नऊ वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. मग कधी याच्या घरी, कधी त्याच्या घरी असं करत तो वाढला. १९८७ मध्ये त्यानं क्रिस्ट नोवोसेलिक या दोस्तासोबत बँड काढला. पहिला अल्बम जेमतेम ६०० डॉलरमध्ये रेकॉर्ड झाला.

सप्टेंबर १९९१ मध्ये आला 'नेव्हरमाइंड'. चारच महिन्यांत त्यानं थेट मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवरून खाली खेचलं. गॅरेजमधलं ग्रंज म्युझिक जगभर पोहोचलं.

पण कर्टला ही प्रसिद्धी झेपत नव्हती. जुनी पोटदुखी, नैराश्य आणि हेरॉइनचं व्यसन, तिन्ही एकदम मागे लागलेलं. ५ एप्रिल १९९४ ला त्यानं सिएटलमधल्या घरी आयुष्य संपवलं. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

तो जगला असता तर?

याचं थोडं उत्तर त्यानंच देऊन ठेवलंय. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला एमटीव्ही अनप्लग्डचा शो झाला. स्टेजवर मेणबत्त्या, लिलीची फुलं आणि सोबतीला चेलो. सगळ्यात गाजलेलं गाणं त्यानं गायलंच नाही. उलट १४ पैकी ६ गाणी दुसऱ्यांची गायली. आरईएमच्या मायकल स्टाइपसोबत काम करण्याचंही चाललं होतं. म्हणजे गोंगाट मागे टाकून तो शांत, लोकसंगीताच्या जवळ जाणाऱ्या गाण्यांकडे निघाला असावा. मग नव्वदीतलं रॉकही कदाचित त्याच्यामागून गेलं असतं.

दुसरी बाजूही आहे. ड्रमर डेव्ह ग्रोहलनं कर्टच्या जाण्यानंतर जवळपास सगळी वाद्यं एकट्यानं वाजवून एक अल्बम केला, त्यातून फू फायटर्स उभा राहिला. कर्ट असता तर कदाचित हा बँड झालाच नसता.

दुःखामुळेच त्याची गाणी मोठी झाली, असं आजही म्हटलं जातं. हिशोब मात्र उलटा आहे. त्याच्या हयातीत बँडचे स्टुडिओ अल्बम आले फक्त तीन. चौथा आलाच नाही, कारण त्या दुःखानं आणि व्यसनानं गाणाराच नेला. तो बरा झाला असता, तर आज साठीच्या उंबरठ्यावरचा कर्ट काय गातोय, हे आपण ऐकत असतो.

(तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला असं एकटं वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं.)