हिराम पर्सी मॅक्सिम : मधल्या केंद्राचा मानकरी

मॅक्सिम हे आडनाव ऐकले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला मशीनगन आठवते. तिचे जनक सर हिराम स्टीव्हन्स मॅक्सिम. त्यांचा मुलगा हिराम पर्सी मात्र दूरदूरच्या अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलते करून अमर झाला.

हिराम पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी ब्रुकलिन येथे झाला. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, १८८६ साली, त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम पुरा केला. पुढे हार्टफर्ड शहरात त्यांनी मोटारगाड्या घडविल्या. बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट त्यांना १९०९ साली मिळाले.

चाळिशी उलटल्यावर मुलाच्या संगतीने त्यांना वायरलेसचा नाद लागला. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर व त्याखालील लहरी दिल्या होत्या. या आखूड लहरी निरुपयोगी आहेत, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा समज होता. एप्रिल १९१४ मध्ये मॅक्सिमना स्प्रिंगफिल्डला एक संदेश धाडायचा होता. अंतर जेमतेम पंचवीस-तीस मैल, पण संदेश काही पोहोचेना. तेव्हा वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातील एका हौशी चालकाने तो ऐकून पुढे पोहोचविला. एवढ्याशा प्रसंगातून मॅक्सिमना मोठी कल्पना सुचली. गावोगावची केंद्रे अशी साखळीने जोडली तर? क्लेरन्स टस्का या तरुणाला हाताशी धरून त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि हौशी केंद्रे बंद झाली. युद्ध संपले तरी संकट टळले नाही. सारे वायरलेस नौदलाच्या ताब्यात देण्याचे विधेयक पुढे आले. ते संमत झाले असते तर सामान्य माणसाचा आकाशावरील हक्क कायमचा बुडाला असता! मॅक्सिमनी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन बाजू मांडली, देशभरातून विरोधाची पत्रे गेली आणि विधेयक बारगळले. १९१९ साली बंदी उठली.

मग चमत्कार घडला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी केंद्रांचे संकेत स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सशी दुतर्फा संभाषण झाले. वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून या लहरी परत जमिनीकडे वळतात. थराची स्थिती अनुकूल झाली की हजारो मैलांचा मार्ग खुला होतो. टाकाऊ ठरलेल्या लहरी अशा सोन्याच्या निघाल्या!

साहजिकच त्यांवर सर्वांचा डोळा गेला. १९२५ साली पॅरिस येथे हौशींचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व मॅक्सिम त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशींच्या वाट्याचे पट्टे अरुंद झाले, पण त्यांना जागतिक मान्यता मिळाली. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी मॅक्सिम निवर्तले. त्यांची स्मृती म्हणून लीगच्या मुख्य केंद्राला डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हे त्यांचेच संकेतनाम देण्यात आले.

आज उंच डोंगरावरील रिपीटर एका कंप्रतेवर ऐकलेला संदेश त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर पुढे धाडतो. शेजारच्या दोघांनी एकच कंप्रता धरली तर गोंधळ माजेल, म्हणून हौशी मंडळी आपसांत वाटप ठरवितात. विंडसर लॉक्सच्या चालकाने हाताने केलेले काम आता यंत्र करते, इतकेच.

स्वतःचे बळ अपुरे पडते तेथे मधला कोणीतरी लागतो. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच एखाद्या मधल्या हातामुळे या महाविद्यालयापर्यंत पोहोचले आहेत. आता पुढच्यासाठी मधले केंद्र होण्याची पाळी आपली आहे.