निरक्षर कवयित्री बहिणाबाई

अक्षरविद्येचें महत्त्व आम्ही शिक्षक वर्गांत नित्य सांगत असतों. तथापि जिला अक्षरओळखही नव्हती, अशा एका स्त्रीपासून आम्हांसही शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म खानदेशांत जळगांवजवळील आसोदें येथें १८८० सालीं शेतकरी कुटुंबांत झाला. बालपणींच विवाह होऊन त्या जळगांवीं आल्या. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें व मुलांचा भार एकटीवर पडला. शेत, जातें, चूल व गोठा हीच त्यांची शाळा! काम करतां करतां त्या आपल्या बोलींत गाणीं रचीत. सौभाग्यचिन्हें गेलीं तरी हातांतील कर्तृत्व कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं, हा त्यांच्या एका गाण्याचा भाव आहे. भविष्य सांगावयास येणाऱ्या ज्योतिष्यालाही त्या दारांतूनच परत पाठवितात. दुःखाचें रडगाणें न गातां त्यांनीं दुःखालाच कामास लाविलें.

पुत्र कवि सोपानदेव यांनीं तीं गाणीं टिपून ठेविलीं नसतीं, तर १९५१ सालीं तीं मातेबरोबरच लोपलीं असतीं. १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं प्रसिद्ध झालीं. जिनें शाळा पाहिली नाहीं, तिचें नांव २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास देण्यांत आलें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरींही आजी कांहीं गुणगुणत असेल. लेखणी घेऊन तिच्याजवळ बसा. आणि पालकहो, आपल्या कन्येच्या हातीं ती लेखणी अवश्य द्या, म्हणजे तिचें गाणें तीच लिहील.