मदरबोर्ड बदलला आणि विंडोज रुसलं: गॅरी किल्डॉल नावाच्या माणसाची गोष्ट



मागच्या वर्षी केडगावजवळ माझ्या मामांच्या गुऱ्हाळावरचा कॉम्प्युटर बंद पडला. लाईटच्या ये-जा मध्ये मदरबोर्ड उडाला होता. एसएसडी मात्र शाबूत होती. तिच्यात तीन सीझनचा हिशेब होता: कुणाचा ऊस किती टन आला, कुणाला किती उचल दिली, कुणाचे पैसे बाकी. बॅकअप? अर्थातच नव्हता.

मी दौंडहून नवा बोर्ड नेला, जुनी एसएसडी जोडली, बटण दाबलं. निळी स्क्रीन! खाली लिहिलेलं, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. अशा वेळी आपल्याकडे एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारा. पण फॉरमॅट मारला असता तर हिशेब गेला असता. मामा शेजारी गप्प उभे होते.

त्या रात्री उपाय शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याची गोष्ट कळली की उपायही आपोआप कळतो.

गॅरी किल्डॉल कोण होता?

१९४२ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्याचा जन्म झाला. घरची शाळा होती, जहाजं चालवायला शिकवणारी. गॅरीला मात्र गणिताचा मास्तर व्हायचं होतं. कॉलेजात कॉम्प्युटर हाती लागला आणि गाडीचा रूळच बदलला. पुढे तो कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या नौदलाच्या कॉलेजात शिकवू लागला.

१९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप बाजारात आली. तेव्हा अशा चिपचा उपयोग लोकांना कॅल्क्युलेटर आणि छोट्यामोठ्या यंत्रांपुरता वाटायचा. गॅरीला तिच्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला. तो इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करू लागला आणि त्यांच्या चिपसाठी पीएल/एम ही भाषा बनवली. मग जॉन टोरोड या मित्राने फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचं सर्किट तयार करून दिलं आणि १९७४ मध्ये गॅरीची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू झाली. इंटेलला तिच्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली, डिजिटल रिसर्च.

खरी करामत इथे आहे

त्या काळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. कीबोर्ड वेगळा, डिस्क जोडायची पद्धत वेगळी. नवीन मशीन आलं की गॅरीला सगळी सिस्टिम पुन्हा उघडून बसावं लागे. इमसाई कंपनीच्या मशीनच्या वेळी त्याने यावर कायमचा तोडगा काढला. सिस्टिमचे सरळ भाग पाडले. फायली सांभाळणारा भाग सगळीकडे तोच. हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा आणि अगदी छोटा: कीबोर्डवरून अक्षर घे, स्क्रीनवर अक्षर दाखव, डिस्कचा अमुक तुकडा वाच. या छोट्या भागाचं नाव बायॉस.

आता कंपनीने फक्त आपला बायॉस लिहायचा, बाकी सीपी/एम जशीच्या तशी चालणार.

दौंडकरांना हे लगेच कळेल. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला थांबते, इंजिन सुटतं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाईनवरून थेट जातात, पण इंजिन बदलायचा खेळ आपण लहानपणापासून पाहिलाय. डबे तेच, प्रवासी तेच, सामान तेच. हे जमतं कारण जोडणी ठरलेली आहे. बायॉस म्हणजे ती जोडणी.

मग तो बिल गेट्सएवढा मोठा का झाला नाही?

१९८० मध्ये आयबीएमची माणसं आपल्या नव्या पीसीसाठी सिस्टिम मागायला गॅरीच्या कंपनीत आली. गॅरी त्या सकाळी स्वतःचं विमान घेऊन एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता. आयबीएमच्या गुप्ततेच्या करारावर डोरोथीने सही केली नाही आणि व्यवहार फिसकटला. आयबीएमला सिस्टिम दिली मायक्रोसॉफ्टने. ती त्यांनी सिएटलच्याच एका कंपनीकडून विकत घेतली होती आणि तिची रचना सीपी/एमवर बेतलेली होती.

गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने त्याचीही सिस्टिम विकायला ठेवली. पण तिची किंमत २४० डॉलर आणि मायक्रोसॉफ्टवाली फक्त ४० डॉलर. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नकोच.

तेव्हापासून गॅरी म्हणजे विमान उडवत बसला आणि नशीब घालवलं तो माणूस, एवढीच त्याची ओळख उरली. मला हे पटत नाही. तो पुढेही टीव्हीवर कॉम्प्युटरचा कार्यक्रम करत राहिला, सीडीवर ज्ञानकोश आणायच्या कामात होता. १९९१ मध्ये त्याची कंपनी नॉवेलने विकत घेतली. ११ जुलै १९९४ रोजी डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे तो गेला. वय फक्त ५२.

आपल्या कॉम्प्युटरमधली सी ड्राइव्ह आहे ना? ड्राइव्हला ए, बी, सी म्हणायची ही पद्धत डॉसमध्ये आली ती सीपी/एममधूनच.

आता गुऱ्हाळावर परत

आज बायॉसची जागा यूईएफआयने घेतली आहे आणि विंडोज स्वतःचे ड्रायव्हर वापरतं. पण गॅरीने मारलेली रेघ तीच आहे. म्हणजे बोर्ड बदलल्यावर बिघाड बहुतेक वेळा जोडणीत असतो, डेटा सुरक्षित असतो. म्हणून या क्रमाने बघा:

१. डिस्कचा मोड: जुन्या बोर्डावर रेड असेल आणि नव्यावर एएचसीआय, तर निळी स्क्रीन येते. सेटिंगमध्ये जुना मोड परत लावा, किंवा एकदा सेफ मोडमध्ये चालू करा म्हणजे विंडोज योग्य ड्रायव्हर उचलतं.

२. डिस्कच सापडत नाही: जुनं विंडोज लेगसी पद्धतीचं आहे की यूईएफआय, ते बघून बूट मोड ठेवा.

३. बिटलॉकर: ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाईलवर उघडून बघा.

४. नेट नाही: फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर उतरवा.

५. ॲक्टिव्हेशन: सेटिंगमधल्या ट्रबलशूटमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडा. मशीनसोबत आलेलं लायसन्स मात्र नव्या बोर्डावर चालेलच असं नाही.

आमचा घोळ पहिल्याच पायरीवर होता. सेफ मोड लागला, मग विंडोज नीट उघडलं, हिशेबाची फाईल जागेवर होती. मामांनी आधी ती उघडून शेवटची नोंद तपासली, मग मला चहा सांगितला. मी त्याच दिवशी सगळं पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेतलं.

आणि हो, तुमच्या हातातल्या फोनमध्येही हीच रेघ आहे. अँड्रॉइड ८ पासून गूगलने चिपशी बोलणारा भाग बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवला, म्हणजे कंपन्यांना अपडेट देणं सोपं जावं. पुढचं अपडेट आलं की गॅरीची आठवण काढा.