ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री स्वीट

इंग्रजी शिकूं लागलेल्या प्रत्येक मुलापुढें पहिली अडचण उभी राहते ती त्या भाषेच्या लेखनाची. ओ, यू, जी, एच् ह्या चार अक्षरांचा उच्चार ‘थ्रू’ ह्या शब्दांत ‘ऊ’ असा होतो, ‘रफ्’ ह्या शब्दांत ‘अफ्’ असा होतो आणि ‘कॉफ्’ ह्या शब्दांत ‘ऑफ्’ असा होतो. बाळबोध लिपींत बहुधा जसें लिहिलें तसें वाचावयाचें असते. त्यामुळें आपण गोंधळतों आणि ह्या भाषेला नियमच नाहीं असें म्हणून मोकळे होतों. परंतु डोळ्यांना दिसणारीं अक्षरें म्हणजे भाषा नव्हे. कानांवर पडणारे ध्वनि हीच खरी भाषा, आणि त्या ध्वनींना नियम आहेत. हें तत्त्व ज्यांनीं इंग्रजीच्या बाबतींत शास्त्रशुद्ध रीतीनें मांडिलें, त्या हेन्री स्वीट यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

स्वीट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८४५ रोजीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील वकिलीचा व्यवसाय करीत. लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्यें शिक्षण झाल्यावर १८६४ मध्यें ते जर्मनींतील हायडेलबर्ग येथें गेले आणि तेथें त्यांना भाषाशास्त्राची गोडी लागली. परत आल्यावर कांहीं काळ त्यांनीं एका व्यापाऱ्याच्या कचेरींत कारकुनी केली. परंतु मन रमेना. पुढें १८६९ मध्यें, जर्मन भाषेसाठीं असलेली शिष्यवृत्ति मिळवून, त्यांनीं ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजांत प्रवेश केला. त्या वेळीं त्यांचें वय चोवीस वर्षांचें होतें.

विद्यार्थिदशेंतच त्यांनीं आल्फ्रेड राजानें प्राचीन इंग्रजींत भाषांतरित केलेला एक ग्रंथ संपादिला. १८७१ मध्यें प्रसिद्ध होऊं लागलेलें हें काम पाहून मोठमोठ्या पंडितांनीं मान डोलविली. मात्र १८७३ मध्यें पदवीचा निकाल लागला तेव्हां स्वीट यांचें नांव चौथ्या वर्गांत होतें! नेमलेल्या ग्रीक-लॅटिन ग्रंथांपेक्षां त्यांचें लक्ष आपल्या आवडीच्या विषयाकडे अधिक लागलें होतें. दुसरा एखादा ह्या निकालानें खचून गेला असता. स्वीट यांनीं पुढल्याच वर्षीं इंग्रजी ध्वनींच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या सुमारास लंडनमध्यें अलेक्झांडर मेल्व्हिल बेल नांवाचे उच्चारशिक्षक प्रसिद्ध होते. दूरध्वनीचे जनक ग्रॅहॅम बेल हे त्यांचेच पुत्र. थोरल्या बेल यांनीं १८६७ मध्यें एक नवी लिपि प्रसिद्ध केली होती. तिच्यांतील प्रत्येक चिन्ह जीभ, ओठ व घसा यांची ठेवण दर्शवीत असे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची मांडणी आपण व्याकरणांत पाठ करतों, तेव्हां उच्चार मुखांतील स्थानावरून ओळखावा ही कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. बेल यांच्या ह्या पद्धतीचा स्वीट यांनीं कसून अभ्यास केला आणि १८७७ मध्यें ध्वनिशास्त्रावरील आपली प्रसिद्ध पुस्तिका लिहिली.

तींतील एक विचार फार महत्त्वाचा आहे. तो एका साध्या प्रयोगानें समजेल. ओठांसमोर कागदाचा पातळ तुकडा धरून एखादा इंग्रज ‘पिन्’ म्हणाला तर तो तुकडा हलतो. ‘स्पिन्’ म्हणाला तर जवळजवळ हलत नाहीं. पहिल्या ‘प’मध्यें श्वासाचा झोत असतो, ओठ मिटून उच्चारलेल्या आपल्या ‘फ’शीं तो जुळता आहे. इंग्रजाला हा भेद जाणवतही नाहीं, कारण त्याच्या भाषेंत त्यामुळें शब्दाचा अर्थ पालटत नाहीं. मराठींत मात्र ‘पळ’ निराळें आणि ‘फळ’ निराळें. म्हणून स्वीट यांनीं रोमन अक्षरांवर आधारलेल्या लेखनाच्या दोन पद्धति ठरविल्या : एक सूक्ष्म, ध्वनीची प्रत्येक छटा टिपणारी, दुसरी स्थूल, केवळ अर्थभेद करणारे ध्वनि टिपणारी. पुढें पॅरिस येथें १८८६ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेनें जी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपि तयार केली, तिची उभारणी बऱ्याच अंशीं ह्याच पायावर झाली. इंग्रजी शब्दकोशांत शब्दापुढें जीं उच्चारचिन्हें आढळतात, त्यांचें मूळ येथें आहे.

स्वीट हे नुसते संशोधक नव्हते. परकी भाषा कशी शिकावी ह्याचाही त्यांनीं खोल विचार केला. १८८५ मध्यें त्यांनीं जर्मन विद्यार्थ्यांसाठीं बोलक्या इंग्रजीचें पुस्तक ध्वनिलिपींत लिहिलें आणि १८९९ मध्यें भाषाध्ययनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आधीं ध्वनि ओळखावे. सुटे शब्द घोकून नियमांनीं जोडीत बसूं नये, तर सलग व स्वाभाविक उतारे अभ्यासावे, हा त्यांचा उपदेश. ‘शिप्’ म्हणजे जहाज आणि ‘शीप्’ म्हणजे मेंढी ह्यांतील भेद आपण ऱ्हस्व-दीर्घाचा समजतों; परंतु तो केवळ लांबीचा नसून जिभेच्या ठेवणीचाही आहे. तसेंच द्राक्षवेलीसाठीं असलेल्या ‘व्हाइन्’ शब्दांत खालचा ओठ वरच्या दांतांस लागतो, तर द्राक्षासवासाठीं असलेल्या ‘वाइन्’मध्यें दोन्ही ओठ गोल होतात. आपला ‘व’ ह्या दोहोंच्या मधला. म्हणून आपला कान येथें फसतो. आधीं कान तयार झाला म्हणजे जीभ मागोमाग येते.

एवढी विद्वत्ता असूनही अध्यापकाचें मोठें पद स्वीट यांना कधींच लाभलें नाहीं. १८७६ मध्यें लंडन येथें, १८८५ मध्यें ऑक्सफर्ड येथें आणि १९०१ मध्यें पुनः ऑक्सफर्ड येथें, असें तीन वेळां ते डावलले गेले. शेवटीं १९०१ मध्येंच विद्यापीठानें त्यांना ध्वनिशास्त्राचे रीडर नेमलें. त्यांच्यावर अन्याय झाला हें खरें. परंतु त्यांचा स्वभावही त्यांच्या आड आला. प्रसिद्ध नाटककार बर्नार्ड शॉ यांनीं एक हकीगत लिहून ठेविली आहे. एका नामांकित मासिकानें स्वीट यांच्याकडून त्यांच्या शास्त्राचें महत्त्व सांगणारा लेख मागविला. लेख आला, पण त्यांत शास्त्र बाजूला राहून एका प्राध्यापकावर जहरी टीका होती. लेख अर्थातच परत गेला, आणि आपलें शास्त्र लोकांपुढें मांडण्याची नामी संधि वायां गेली. दुसऱ्यांच्या उच्चारांतील सूक्ष्म भेद ज्यांच्या कानांना कळत, त्यांना स्वतःच्या शब्दांतील कडवटपणा मात्र ऐकूं आला नाहीं.

ता. ३० एप्रिल १९१२ रोजीं ऑक्सफर्ड येथें स्वीट यांचें निधन झालें. पुढल्याच वर्षीं शॉ यांचें ‘पिग्मॅलियन’ हें नाटक प्रथम व्हिएन्ना येथें रंगभूमीवर आलें. फुलें विकणाऱ्या मुलीला शुद्ध उच्चार शिकविणारा त्यांतील प्राध्यापक हिगिन्स म्हणजे हुबेहूब स्वीट नव्हेत; पण त्यांच्या कांहीं छटा त्यांत आहेत, हें स्वतः शॉ यांनीं मान्य केलें आहे. ह्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं ‘ती फुलराणी’ हें मराठी नाटक लिहिलें. तें पाहून हंसलेल्या किती प्रेक्षकांना स्वीट यांचें नांव ठाऊक असेल?

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंतील वर्ग हें माणसाचें अखेरचें माप नव्हे, हें ह्या चरित्रावरून दिसून येईल. ज्यांनीं स्वीट यांना चौथ्या वर्गांत बसविलें, त्या परीक्षकांचीं नांवें आज कोणाच्या ओठीं नाहींत. स्वीट यांचें काम मात्र शब्दकोशाच्या पानोपानीं आहे. पण ह्याच चरित्राची दुसरीही शिकवण विसरूं नये. शुद्ध उच्चार अभ्यासानें साधतो, आणि गोड वाणीलाही तितकाच अभ्यास लागतो. पहिला स्वीट यांच्या ग्रंथांतून शिकावा. दुसरीचा अभ्यास न झाल्यानें काय गमवावें लागतें, तें त्यांच्या आयुष्यावरून ओळखावें.